इटालियन क्लासिक: टॉपोलिनो की नवी ५००? रविवारपर्यंत ठरवायचंय

पोकाठचा_पंत
मंडळी, कामानिमित्त तोरिनोत (आपण तूरिन म्हणतो तेच) येऊन चार वर्षं होतील. आमच्या तळमजल्यावर एक आजोबा राहतात, वय ७८. त्यांच्या गॅरेजात दोन फियाट आहेत. एक टॉपोलिनो, म्हणजे ५०० सी, १९५१ ची, त्यांच्या वडिलांची. दुसरी नवी ५००, एल मॉडेल, १९७० ची, आजोबांनी स्वतःच्या लग्नाआधी घेतलेली. दोन्ही चालू स्थितीत. काल जिन्यात भेटले आणि म्हणाले, "रविवारी सुपेर्गाला जाऊ. तू चालव. दोन्हींतली कुठली हवी ते सांग."

सुपेर्गा म्हणजे शहराबाहेरची टेकडी. वर मोठं बॅसिलिका आहे. १९४९ मध्ये तोरिनोच्या फुटबॉल संघाचं विमान कोसळलं ते तिथेच. नदीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास चढ आणि भरपूर वळणं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. सगळं जग नव्या ५०० वर फिदा आहे. चुंबकावर ती, टी-शर्टवर ती, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही ती. पण माझ्या मते खरी कमाल १९३६ च्या टॉपोलिनोची. ती मोठ्या गाडीची हुबेहूब छोटी आवृत्ती होती: चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारं इंजिन, हायड्रॉलिक ब्रेक, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, आणि हे सगळं सव्वातीन मीटरच्या आत. १९५७ ची नवी ५०० म्हणजे छप्पर लावलेली स्कूटर. दोन सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, तेही मागे. गंमत म्हणजे दोन्ही एकाच माणसाच्या हातच्या, दान्ते जाकोसा. टॉपोलिनोचं काम अंगावर पडलं तेव्हा तो जेमतेम तिशीला टेकला होता.

तर, कुठली मागू?

आडवा_छेद
'इटालियन क्लासिक' वाचून फेरारी असेल म्हणून धागा उघडला. डोंगर पोखरून उंदीर निघाला.

पोकाठचा_पंत
@आडवा_छेद, शब्दशः. टॉपोलिनो म्हणजे इटालियनमध्ये छोटा उंदीरच. :)

शेवंती
मिकी माउसला तिकडे टॉपोलिनो म्हणतात ना? कंपनीने त्याच्यावरूनच नाव ठेवलं असं वाचलंय.

पोकाठचा_पंत
मिकीला टॉपोलिनो म्हणतात हे बरोबर. पण गाडीचं कंपनीने ठेवलेलं नाव नुसतं '५००'. उंदीर लोकांनी केला. उतरतं नाक आणि पुढे कानांसारखे दोन सुटे दिवे, कुणालाही तेच सुचावं. आजोबांच्या 'सी'त दिवे मडगार्डात गेलेत, त्यामुळे ती तितकी उंदीर दिसत नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

वडाळकर
नावं ठेवण्यात आपणही कमी नाही हो. त्यांचा उंदीर, आमची 'डुक्कर फियाट'. पन्नाशीच्या दशकातली ती गोलमटोल ११००. आमच्या चाळीत एका डॉक्टरांकडे होती. डॉक्टरांसमोर तिला डुक्कर म्हणायची सोय नव्हती, पाठीमागे सगळे तेच म्हणायचे.

सुलभाताई
वडाळकर, आमच्याकडे पाहुणे येणार असले की आई गॅलरीतून ओरडायची, "डुक्कर आलं का बघ गं!" पाहुण्यांना काय वाटत असेल देव जाणे.

डबल_क्लच
पंत, मत वाचलं, अजिबात पटलं नाही. जरा सविस्तर लिहितो.

'छप्पर लावलेली स्कूटर' हा तुम्ही टोमणा म्हणून वापरलात, पण मुद्दा नेमका तोच आहे. युद्धानंतर इटलीत कुटुंबंच्या कुटुंबं व्हेस्पावर फिरत होती. नवरा पुढे, बायको मागे, मूल मध्ये उभं. (ओळखीचं चित्र ना? आपल्याकडे ते आणखी चाळीस वर्षं चाललं.) या लोकांना पावसातून बाहेर काढायचं होतं. त्यांना मोठ्या गाडीची छोटी आवृत्ती परवडणारच नव्हती. म्हणून जाकोसाने गाडी छोटी करायच्या ऐवजी गाडीत काय काय नसलं तरी चालेल याची यादी केली. रेडिएटर नको, पाणी नको, चार सिलिंडर नकोत. इंजिन मागेच ठेवलं की पुढून मागे जाणारा लांब शाफ्टही नको. मग तीन मीटरच्या आत, २.९७ मीटरमध्ये, चार माणसं कशीबशी मावतात. टॉपोलिनो तिच्याहून लांब, आणि माणसं दोन! अवघड काम कुठलं ते तुम्हीच सांगा.

आता ते कापडी छप्पर. लोकांना वाटतं समुद्रावर फिरायला ठेवलंय. मुळात त्यामुळे पत्रा वाचतो, आणि दोन सिलिंडरची धडधड पत्र्याच्या डब्यात घुमण्याऐवजी वर निघून जाते. १९५९ मध्ये या गाडीसाठी जाकोसाला 'कोम्पासो दोरो' मिळालं, इटलीतला डिझाइनचा सर्वांत मोठा मान. स्कूटरला छप्पर लावल्याबद्दल ते देत नाहीत.

नाममात्र
डबल क्लच +१

पाचवा_गिअर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

शंकासुर
एक भाबडा प्रश्न. ५०० म्हणजे ५०० सीसी ना? मग दोन्ही सारख्याच की. तुलना कसली करताय?

डबल_क्लच
शंकासुरजी, इथेच तर मजा आहे. दोन्हींतली एकही ५०० सीसीची नव्हती. १९३६ ची ५६९ सीसी, १९५७ ची ४७९. नंतर १९६० च्या 'डी' मॉडेलपासून ४९९.५ झाली, तीही अर्ध्या सीसीने चुकली. ताकद मात्र दोघींची सुरुवातीला १३ अश्वशक्ती आणि वेग ताशी ८५ किलोमीटर. एकवीस वर्षांनी, दोन सिलिंडर कमी करून, तोच वेग.

शंकासुर
म्हणजे एकवीस वर्षांत प्रगती शून्य. ह.घ्या.

गॅरेज_नाना
मी सांगलीचा. फियाटवर हात काळे करण्यात तीस वर्षं गेली, सगळ्या पद्मिनी. टॉपोलिनो प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण पुतण्याने नेटवरून तिची चित्रं काढून दिली ती भिंग लावून बघितली. दोन गोष्टी पंतांनी ऐकून ठेवाव्यात.

एक. त्या गाडीचं इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे आहे आणि रेडिएटर इंजिनाच्या मागे, उंचावर. म्हणून तर नाक एवढं उतरतं. मूळ रचनेत पाण्याचा पंप नाही. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर रेडिएटरात जातं, थंड झालं की खाली येतं. सपाटीवर झकास. चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, उन्हाळ्यात? चहा होणार.

दोन. पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या मागे आहे. पंपाचा खर्च नको म्हणून पेट्रोल आपल्या वजनाने कार्बोरेटरात उतरतं. हुशारी आहे, पण टाकी जवळजवळ चालवणाऱ्याच्या मांडीवर. बिडी ओढू नका.

पोकाठचा_पंत
नाना, सिगरेट सोडून सहा वर्षं झाली. चहाचं मात्र बघावं लागेल.

वडाळकर
नानांनी पद्मिनी काढलीच आहे तर माझेही दोन पैसे. माझे वडील कुर्ल्याला प्रीमियरच्या, म्हणजे पद्मिनी बनवणाऱ्या कारखान्यात होते. त्यांना इटलीचा भारी अभिमान, जन्मात गेले नाहीत तरी. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन, ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोक, ते घराणं थेट १९३७ च्या फियाट ५०८ सीपर्यंत जातं. आणि त्या कामातही जाकोसाच! म्हणजे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या बॉनेटखाली टॉपोलिनोच्या बापाचीच करामत होती.

आडवा_छेद
म्हणजे आपण दादरला टॅक्सीत बसून १९३७ च्या इंजिनावर फिरत होतो? तरीच मीटर इतकं जोरात पळायचं आणि गाडी इतकी हळू.

डबल_क्लच
वडाळकर, मुद्दा सुंदर, पण 'घराणं तेच' इथवरच थांबू. मधल्या काळात त्यात सुधारणा होत गेल्या.

त्याच घराण्याची दुसरी शाखा ऐका. युद्ध संपता संपता पिएरो दुसियो नावाच्या उद्योगपतीने जाकोसाकडून एक छोटी रेसिंग गाडी आखून घेतली, चिसितालिया डी ४६. फियाटचेच सुटे भाग, ११०० चंच इंजिन. मग १९४७ च्या मिल्ले मिलियात, म्हणजे इटलीतल्या त्या प्रसिद्ध रस्त्यावरच्या शर्यतीत, चौपन्न वर्षांचा नामांकित रेसर तात्सियो नुवोलारी चिसितालियाच्या २०२ मधून दुसरा आला. तिच्यातही हेच १०८९ सीसीचं घराणं. कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्या त्याच्या मागे राहिल्या.

आडवा_छेद
माझे शब्द मागे घेतो. नुवोलारी दादर ते सीएसटी चाळीस रुपयांत.

सुलभाताई
त्या टॅक्सीचं मागचं सीट मात्र झकास असायचं. आम्ही पाच जण बसायचो आणि सहावं मांडीवर. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपल्याची बातमी आली तेव्हा उगाचच वाईट वाटलं. खरं तर शेवटची कधी बसले तेही आठवत नाही.

पाचवा_गिअर
धागा तोरिनोहून कुर्ल्याला पोचला. आता कोणीतरी राजदूत मोटारसायकल काढा म्हणजे पूर्ण झालं.

मृण्मयी_मिलान
उशिरा आले. पंत, नवी ५०० मी चालवली आहे, म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सला नवऱ्याने वाढदिवसाला ती अर्ध्या दिवसाची सहल काढली होती. जुन्या ५०० ची रांग, पुढे त्यांचा माणूस, मागे आपण बदकाच्या पिल्लांसारखे. भाड्याची गाडी, फोटोबिटो, सगळं छान. गाडी सुरू करायला किल्ली फिरवली, काहीच नाही. सीटांच्या मध्ये दोन छोट्या दांड्या असतात: एक चोकची, एक स्टार्टरची. मी पाच मिनिटं चोकच ओढत बसले.

मग गिअर. या गाडीला सिंक्रोमेश (गिअर खडखड न करता आपोआप जुळवून घेणारी सोय) नाही. नाही म्हणजे कुठल्याच गिअरला नाही. खाली उतरताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर द्या, परत क्लच, मग गिअर. म्हणजे डबल क्लच, इटालियन याला 'दोप्पिएत्ता' म्हणतात. मी प्रत्येक वळणावर असा काही आवाज काढत होते की द्राक्षाच्या मळ्यातले लोक मान वर करून बघायचे. नवऱ्याने शेवटी कानात बोटं घातली. वाढदिवस माझा होता हे विसरून.

तरीही. छप्पर मागे गुंडाळलेलं, पाठीमागे ते इंजिन फटफटतंय, आणि गाडी एवढीशी की हात बाहेर काढला तर रस्त्याला लागेल असं वाटतं. हसू थांबत नाही हो. पंतांचं इंजिनीअरिंग बरोबर असेलही. पण उंदरात बसून असं हसू येईल का?

डबल_क्लच
माझ्या आयडीचं सार्थक झालं. :)

एसटीवाल्याचा_पोरगा
मृण्मयीताई, माझे वडील एसटीत ड्रायव्हर. डबल क्लच मारल्याशिवाय त्यांचा हात गिअरला जायचा नाही. पुढे घरी मारुती घेतली तिच्यातही डबल क्लच. आई म्हणायची, "अहो, ही गाडी आहे, आगाराची बस नाही." त्यांना तुमची ५०० दिली असती तर एक आवाज निघाला नसता.

पोकाठचा_पंत
मृण्मयी, तुम्ही माझ्याच हातात काठी दिलीत. टॉपोलिनोला, १९३६ साली, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रोमेश होतं! एकवीस वर्षांनी आलेल्या गाडीतून ते गेलं. डबल क्लचभाऊंच्या 'नसलं तरी चालेल' यादीत हेही आलं म्हणायचं.

आणि एक. नवी ५०० जुलै १९५७ मध्ये आली तेव्हा मागे धड सीट नव्हतं, दाराच्या काचा खाली होत नव्हत्या. इटलीचा जुलै, बंद काचा. लोकांनी पाठ फिरवली. काही महिन्यांत कंपनीला काचा उतरणारी आवृत्ती काढावी लागली. यादी जरा जास्तच लांबली होती.

डबल_क्लच
हे मान्य. सुरुवात फसली होती. पण नंतर काय झालं तेही लिहा ना. टॉपोलिनो १९५५ पर्यंत, तिन्ही मॉडेलं मिळून, पाच लाखांच्या थोडी वर. नवी ५०० १९७५ पर्यंत ३८ लाखांच्या वर. इंजिनीअरिंगचा निकाल कागदावर लागतो की रस्त्यावर?

शंकासुर
खपावरूनच ठरवायचं तर जगातलं सर्वोत्तम जेवण वडापाव.

नाममात्र
आहेच मग!

शंकासुर
बरं, किमतीचं बोला. टॉपोलिनो कितीला होती?

पोकाठचा_पंत
८,९०० लिरा. सरकारच्या डोक्यात पाच हजारांची गाडी होती, ते जमलं नाही. त्या काळात महिना हजार लिरा पगार हे लोकांचं स्वप्न होतं, कामगाराला त्याच्या निम्मेही मिळत नसत. म्हणजे 'जनतेची गाडी' म्हणून गाजावाजा झाला, पण बसले डॉक्टर, वकील, छोटे व्यापारी. नवी ५०० आली ती पाच लाख लिरांच्या आत. आकडा बघून घाबरू नका, मध्ये युद्ध आणि महागाई होऊन गेली. पगाराच्या हिशोबाने कामगाराची वर्षभराची कमाई आणि वर थोडे. हप्त्यावर जमण्यासारखं.

हो, इथे डबल क्लचभाऊंना अर्धा गुण द्यावा लागेल. आजोबांचे वडील औषधविक्रेते होते, म्हणून १९५१ मध्ये घरी गाडी. स्वतः आजोबा मात्र कारखान्यात फिटर होते आणि त्यांनी ५०० हप्त्यावर घेतली.

गॅरेज_नाना
फिटर म्हणालात? मग गाड्या चांगल्याच असणार. आता काळजी नाही.

शेवंती
आधी टॉपोलिनो पुढच्या चाकांवर चालणारी होणार होती ना? काहीतरी आग लागल्याची गोष्ट ऐकली होती.

डबल_क्लच
ती टॉपोलिनोच्या आधीची गोष्ट. ओरेस्ते लार्दोने नावाच्या इंजिनीअरने छोटी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी बनवली. मालक सेनेटर आन्येल्ली स्वतः चाचणीला बसले. तोरिनोच्या काव्होरेत्तोच्या चढावर गाडीने पेट घेतला आणि सगळ्यांना उड्या माराव्या लागल्या. लार्दोनेची नोकरी गेली आणि फ्रंट-व्हील-ड्राइव्हचं नाव काढायचं नाही असा हुकूम निघाला. आगीचा ड्राइव्हशी काही संबंध नव्हता, पण मालकाला कोण सांगणार? हे पुढे जाकोसाच्याच आठवणींत आलं.

पंत, तोरिनोचा चढ, फियाट आणि आग. रविवारचा नीट विचार करा.

पाचवा_गिअर
अग्निशामक दलाचा नंबर धाग्यात वर चिकटवून ठेवा.

सुलभाताई
अहो, सगळे त्यांना घाबरवताय कशाला? पंत, मूळ प्रश्न कुठली मागू हा होता ना? त्या आजोबांना कुठली द्यावीशी वाटते ते विचारलंत का? वडिलांची गाडी परक्या मुलाच्या हातात द्यायला जीव धजेल का त्यांचा? स्वतःची दिली तर गोष्ट वेगळी.

पोकाठचा_पंत
सुलभाताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो.

मृण्मयी_मिलान
+१. आणि फोटो हवेत.

*(चार दिवसांनी)*

पोकाठचा_पंत
मंडळी, वृत्तांत.

शनिवारी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "उंदीर तू घे. मी ५०० घेऊन मागून येतो. पाणी कोणीतरी आणायला हवं ना?" नाना, तुमचा आणि त्यांचा अंदाज एकच.

टॉपोलिनोची दारं मागे बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडतात. बसताना आधी बूड टेकवायचं, मग पाय आत घ्यायचे. पाय पुढे भरपूर लांब जातात, याचं नवल वाटलं. चार सिलिंडरचा आवाज शिवणयंत्रासारखा. शहरातून जाताना तिसरा-चौथा लोण्यासारखा पडत होता आणि मी मनातल्या मनात तुम्हा सगळ्यांना हिणवत होतो.

सास्सीपाशी चढ सुरू झाला. तिसरा सुटला, दुसरा आला. वेग पंचवीस. आरशात ५०० दिसत होती, फटफट करत, अगदी निवांत. एका वळणावर मला ओव्हरटेक करायचा मोह आजोबांना आवरला नाही. कापडी छप्पर उघडं, ७८ वर्षांचा माणूस, हात वर करून हसतोय. मृण्मयी, ते हसू मी पाहिलं.

अर्ध्याच्या थोडं वर वाफ निघाली. कडेला घेतली. आजोबा पुढे जाऊन थांबले होते. पाण्याचा कॅन घेऊन चालत खाली आले, पण ओतू देईनात. पंचवीस मिनिटं भिंतीवर बसवून ठेवलं. म्हणाले, वडील इथेच थांबायचे, दर वेळी. आई डब्यात अंडी उकडून आणायची. मग थंड झाल्यावर हळूहळू पाणी घातलं आणि वर गेलो.

उतरताना त्यांनी किल्ल्यांची अदलाबदल केली. ५०० चे गिअर मी असे काही वाजवले की त्यांनी पुढच्या गाडीतून मान बाहेर काढून बघितलं.

गॅरेज_नाना
गरम रेडिएटरात पाणी ओतू दिलं नाही. शाबास. फिटर आहे माणूस.

डबल_क्लच
मग निकाल काय? कुठली भारी?

पोकाठचा_पंत
चढताना ५००, सपाटीला उंदीर. तुमचा अर्धा गुण पाऊण करतो, पुढे नाही.

आडवा_छेद
थोडक्यात, या वेळी उंदराने डोंगर पोखरला.

शंकासुर
अर्धाच. मग चहा प्यायला थांबला.

सुलभाताई
ते उकडलेल्या अंड्यांचं वाचून बरं वाटलं. आम्ही खंडाळ्याच्या घाटात डुकराला असंच पाणी पाजायचो, आणि आईकडे दशम्या असायच्या.

मृण्मयी_मिलान
फोटो??

पोकाठचा_पंत
आहेत, पण साइट 'फाइल फार मोठी' म्हणते. लहान कसे करायचे कोणी सांगेल का?